केसाच्या मुळाची गाठ : राजारामपुरीतील एका त्वचारोग दवाखान्याचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, मुलीच्या वेण्या घालताना तिच्या डाव्या कानाच्या पुढे, गालाच्या वरच्या बाजूला हरभऱ्याएवढे काहीतरी टणक माझ्या बोटाला लागले. ते दुखत नव्हते, लालही नव्हते. ती तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिनेच स्वतः बोट लावून सांगितले, "आई, आत खडा आहे." या खड्याचे खरे नाव समजायला पुढे साडेतीन महिने गेले. ते नाव आम्हाला कोल्हापुरात, राजारामपुरीतील ज्या दवाखान्यात मिळाले, त्या दवाखान्याविषयी हा अभिप्राय आहे. त्यातील डॉक्टरांनी आपले व दवाखान्याचे नाव जाहीरपणे लिहू नये अशी विनंती केल्यामुळे ते येथे दिलेले नाही. परंतु तेथे काय तपासले गेले, कसे समजावले गेले, काय खटकले आणि किती खर्च आला, हे मी जसे घडले तसे लिहीत आहे. मुलाच्या अंगावर अशी गाठ सापडलेल्या पालकांना दवाखाना निवडताना याचा उपयोग व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

आधीचे साडेतीन महिने सांगितल्याशिवाय या दवाखान्याचे मोल कळणार नाही. सुरुवातीला घरात सर्वांचे एकमत होते की हा केसतोड आहे. सासूबाई म्हणाल्या, "चुना-गूळ लावा, दोन दिवसांत फुटंल." आम्ही लावला. काही फुटले नाही, फक्त वरची कातडी पोळल्यासारखी झाली. जुलैमध्ये एका दवाखान्यात नेले असता तेथील मदतनीसाने "आत पू आहे, दाबून काढू" असे म्हणून दोन्ही अंगठ्यांनी ती गाठ दाबली. मुलगी किंचाळली, रक्ताचा एक थेंब आणि भिजलेल्या खडूसारखे किंचित पांढरे काहीतरी बाहेर आले, आणि दुसऱ्या दिवशी तो भाग लालभडक होऊन सुजला. मग पाच दिवसांची प्रतिजैविके झाली, ती संपल्यावर पुन्हा पाच दिवसांची झाली. सूज उतरली, पण खडा जागचा हलला नाही, उलट थोडा वाढल्यासारखा वाटू लागला. एका नातेवाइकांनी गंडमाळेची शंका काढली आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या. त्यात काही निघाले नाही.

सप्टेंबरमध्ये सुई घालून तपासणी करण्याचा सल्ला मिळाला आणि ती आम्ही केली. तिच्या अहवालात गडद रंगाच्या, दाटीवाटीने असलेल्या लहान पेशी दिसल्याचे लिहिले होते आणि शेवटच्या ओळीत "संशयास्पद, पुढील तपासणी आवश्यक" असा शेरा होता. तो कागद देताना कोणीही आमच्याशी दोन वाक्ये बोलले नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाकीट बाहेर आले आणि खिडकीतील व्यक्तीने पुढचा नंबर पुकारला. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री मी आणि माझे पती, आम्ही दोघेही झोपलो नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चाळीस मुलांसमोर उभी राहून त्या दोन दिवसांत मी काय शिकवले, हे मला आजही आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतील एका सहकारी बाईंनी या दवाखान्याचे नाव सुचवले. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना वर चढायला बराच वेळ लागला. संध्याकाळची वेळ होती, गर्दी होती, बसायला बाक अपुरे होते. आमचा नंबर येईपर्यंत पावणेदोन तास गेले. लहान मुलांना रमवण्यासारखे तेथे काहीच नाही, आणि ज्या दवाखान्यात इतकी मुले येतात तेथे ही उणीव ठळकपणे जाणवते.

आत गेल्यावर मी अहवालाचे पाकीट पुढे केले. डॉक्टरांनी ते घेतले, बाजूला ठेवले आणि आधी मुलीला जवळ बसवून घेतले. "बाळ, दुखतं का? कोणी हात लावलेला आवडत नाही ना? मग तूच आधी दाखव, कुठे आहे." मुलीने दाखवले. मग डॉक्टरांनी हात धुऊन, बोटे गरम करून त्या गाठीला अगदी हळू स्पर्श केला. इतक्या ठिकाणी फिरूनही कागद वाचण्याआधी गाठीला बोट लावणारे पहिले डॉक्टर आम्हाला तेथे भेटले, आणि या दवाखान्याविषयी माझे जे काही मत झाले, त्याची सुरुवात त्या क्षणापासून झाली.

त्यांनी जे केले ते आम्हाला दाखवत, सांगत केले. प्रथम त्यांनी गाठ दोन बोटांत धरून मागेपुढे सरकवली. ती खालच्या भागावर सहज सरकत होती, मात्र वरची कातडी तिच्याबरोबर ओढली जात होती. म्हणजे गाठ कातडीला धरून आहे, खोलवर कशातही रुतलेली नाही. मग त्यांनी गाठीभोवतालची कातडी दोन बाजूंना ताणली आणि मला वाकून बघायला सांगितले. इतके दिवस गोल वाटणारी ती गाठ ताणलेल्या कातडीखाली एकदम कोनाकोनांची दिसू लागली. पातळ फडक्यात खडीसाखरेचा खडा बांधून फडके ताणले तर जसे कंगोरे उठून दिसतात, अगदी तसे. कातडी तंबूच्या कापडासारखी उभारते म्हणून याला तंबूची खूण म्हणतात, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी गाठीची एक कड हलकेच दाबली, तशी दुसरी कड वर उचलली गेली. मुलगी आरशात बघत होती, ती लगेच म्हणाली, "सीसॉ!" डॉक्टरांनी मान डोलावली, ही दुसरी खूण त्याच नावाने ओळखली जाते. टणकपणा दगडासारखा, वर किंचित निळसर झाक, मूल लहान, जागा गालाची. एवढे झाल्यावर त्यांनी कागदावर देवनागरीत एक शब्द लिहून माझ्यापुढे ठेवला : पायलोमॅट्रिकोमा. मग शेजारी प्रश्नचिन्ह काढले आणि म्हणाल्या, "माझी जवळजवळ खात्री आहे. पण हे प्रश्नचिन्ह गाठ काढून तपासल्यावरच पुसायचं."

या आजाराविषयी त्यांनी जे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. केस ज्या पेशींपासून तयार होतो त्या पेशी केसाच्या मुळाशी, कंदासारख्या फुगीर भागात असतात. त्यातल्याच काही पेशी केस न बनवता एका ठिकाणी वाढत राहिल्या की ही गाठ तयार होते. लॅटिनमध्ये 'पिलस' म्हणजे केस, त्यावरून नावाचा पहिला भाग आला. गाठीच्या कडेला ताज्या, गडद रंगाच्या पेशी असतात. आतल्या बाजूला जाताना त्या मरतात आणि त्यांचे केंद्रक नाहीसे होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींची फक्त बाह्यरेषा उरलेली दिसते, मधली जागा रिकामी. म्हणून त्यांना सावली पेशी किंवा भूतपेशी म्हणतात. या मेलेल्या भागात कॅल्शियमचे क्षार साचतात आणि गाठ दगडासारखी होते; काही गाठींत तर पुढे हाडही तयार होते. सासूबाई हे सगळे लक्ष देऊन ऐकत होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही वरून चुना लावलात, पण हिच्या गाठीत आतच चुना आहे. वरून लावून तो विरघळत नाही, कातडी मात्र भाजते." सासूबाईंनी ते मनावर घेतले, त्यानंतर घरात कोणी कशावरही चुना-गुळाचे नाव काढले नाही.

१८८० साली मालर्ब आणि शेनांते या दोन फ्रेंच वैद्यकांनी या गाठीचे वर्णन केले, तेव्हा ती तेलग्रंथींपासून होते असा समज होता. पुढे १९६१ मध्ये फोर्बिस आणि हेल्विग यांनी दोनशेहून अधिक रुग्णांच्या गाठी तपासून ती केसाच्या मुळातील पेशींची असल्याचे मांडले आणि पायलोमॅट्रिक्सोमा हे नाव सुचवले, त्याचेच पायलोमॅट्रिकोमा हे रूप आज वापरतात. १९९९ मध्ये यातल्या बहुसंख्य गाठींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडतो, हेही समोर आले. हा बदल त्या एका जागच्या पेशींत, जन्मानंतर झालेला असतो. हे शेवटचे वाक्य माझ्यासाठी फार मोलाचे ठरले. कारण तीन महिने मी मनात हिशेब करत होते की मी तेल कोणते लावले, वेण्या घट्ट घातल्या का, गरोदरपणात माझे काही चुकले का. डॉक्टरांनी मी न विचारताच सांगितले की तेलाने, खाण्याने, वेण्यांनी ही गाठ होत नाही आणि यात आईची काहीही चूक नसते. रोज अनेक रुग्ण बघणाऱ्या माणसाने समोरच्या आईच्या मनातला न विचारलेला प्रश्न ओळखावा, ही साधी गोष्ट नव्हे.

मग त्यांनी ते पाकीट उघडले. अहवाल वाचून त्या म्हणाल्या, "मला हा कागद नको, काचपट्ट्या हव्या आहेत." सुईने घेतलेला नमुना ज्या काचपट्ट्यांवर पसरलेला असतो त्या प्रयोगशाळेकडे जपून ठेवलेल्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यासाठी मिळू शकतात, हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हते. या गाठीत सुई नेमकी कडेच्या ताज्या पेशींत गेली तर पट्टीवर नुसत्या गडद, दाट पेशी येतात, आणि सावली पेशी थोड्या असल्या किंवा नजरेतून निसटल्या की अहवाल भयावह वाटू शकतो. ही फसगत या गाठीच्या बाबतीत वैद्यकशास्त्राला जुनी आणि चांगली परिचित आहे. माझे पती दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पट्ट्या घेऊन आले. डॉक्टरांनी त्या आपल्या ओळखीच्या पेशीतज्ज्ञांकडे पाठवल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला : त्याच पट्ट्यांवर सावली पेशी आहेत, कॅल्शियमचे कण आहेत, अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशीही आहेत, आणि हे सगळे पायलोमॅट्रिकोमाशी जुळणारे आहे. तो फोन मी मंगळवार पेठेत भाजी घेताना घेतला आणि पिशवी खाली ठेवून तिथेच पायरीवर बसले.

ही गाठ सौम्य असते, म्हणजे कर्करोगाची नसते. तिचे घातक रूप अत्यंत विरळ आहे आणि ते प्रामुख्याने प्रौढांत आढळते. एकूण त्वचेच्या गाठींत ती क्वचित दिसते. दिसते तेव्हा बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या वीस वर्षांत, मुलांपेक्षा मुलींत काहीशी जास्त, आणि चेहरा, मान व दंड-हात या जागी. क्वचित दिसत असल्यामुळेच ती पहिल्या फटक्यात ओळखली जात नाही आणि चरबीची गाठ, केसतोड किंवा लसिकाग्रंथीची सूज म्हणून उपचार होत राहतात. म्हणून आधीच्या सगळ्यांना मी दोष देणार नाही. न ओळखणे मी समजू शकते. मात्र न ओळखता दाबणे मी समजू शकत नाही.

डॉक्टरांनी केसाच्या मुळाशी निगडित इतर गाठींचाही विचार करून त्या बाजूला का ठेवल्या, तेही सांगितले. ट्रायकोफॉलिक्युलोमा असता तर मधोमध एक छिद्र आणि त्यातून डोकावणारी बारीक पांढुरक्या केसांची बट दिसली असती. ट्रायकोएपिथेलिओमाचे कुटुंबात चालत येणारे रूप असते तर नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्याच रंगाचे अनेक दाणे दिसले असते. शिवाय त्यांनी मुलीची पूर्ण तपासणी केली. डोके, मान, पाठ, दोन्ही दंड बोटांनी चाचपून आणखी कोठे गाठ आहे का ते पाहिले. घरात कोणाचे स्नायू कमजोर आहेत का, मूठ आवळल्यावर लवकर उघडत नाही असे कोणाला होते का, लहान वयात मोतीबिंदू झाला आहे का, आतड्यात मोड (पॉलिप) किंवा तरुणपणी आतड्याचा कर्करोग कोणाला झाला आहे का, असे प्रश्न त्यांनी दोन्ही घरांविषयी विचारले. एकच गाठ असेल तर चिंतेचे कारण नसते, परंतु अनेक गाठी असल्या तर कधीकधी मायोटॉनिक डिस्ट्रॉफी (स्नायूंचा आजार), गार्डनर सिंड्रोम (आतड्यात मोड येणारा आजार) किंवा टर्नर सिंड्रोमसारखे (मुलींतील गुणसूत्राचा दोष) आजार मागे असू शकतात, म्हणून हे प्रश्न. आमच्याकडे एकच गाठ निघाली आणि उत्तरे नकारार्थी होती. तरीही सगळे विचारल्यामुळे "एकच आहे, घाबरू नका" या वाक्याला वजन आले. ही पहिली भेट घड्याळ लावून पंचवीस मिनिटांची होती, आणि बाहेर पावणेदोन तास का बसावे लागले हेही तेव्हा उमगले.

त्यांनी एकच सोनोग्राफी करायला सांगितली. तिच्यात गाठ कातडीच्या खालच्या थरात, स्पष्ट कड असलेली, अकरा मिलिमीटरची दिसली आणि तिच्यातील कॅल्शियममुळे मागे काळी छाया पडलेली दिसली. एवढ्यावर त्यांनी तपासण्या थांबवल्या. सीटी स्कॅन करावा का, असे मीच विचारले, तर त्यांनी गरज नसल्याचे कारणासह सांगितले.

ही गाठ आपोआप विरघळत नाही, औषधाने किंवा मलमाने जात नाही. ती शस्त्रक्रियेने पूर्ण काढणे हाच उपचार. लगेचच काढली पाहिजे अशी घाई नव्हती, मात्र वाढत गेली तर व्रण मोठा होतो आणि एकदा सुजून गेलेली गाठ पुन्हा सुजू शकते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीचा मुहूर्त आम्ही एकत्र ठरवला. येथे डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, जी खासगी दवाखान्यात क्वचितच ऐकायला मिळते : ही शस्त्रक्रिया सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातही होऊ शकते, खर्चाची अडचण असेल तर त्या चिठ्ठी देतील, आणि तेथे गेलात तरी नंतर व्रण दाखवायला येथे यायला हरकत नाही. आमचा आरोग्य विमा असल्यामुळे आम्ही येथेच थांबलो, पण ज्यांना पैशांची ओढाताण आहे त्यांनी हे जरूर विचारावे.

शस्त्रक्रिया त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जननी जवळच्याच एका शस्त्रक्रियागृहात केली. मोठ्या, समजूतदार मुलांमध्ये जागा बधिर करून हे काम होते. आमची मुलगी आठ वर्षांची, आधीच्या दाबण्याने धास्तावलेली, आणि जागा कानाच्या पुढची. चेहऱ्याच्या हालचाली घडवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या कानापुढून गालाकडे पसरतात, तेथे मूल ऐन वेळी हलले तर धोका, म्हणून थोडा वेळ पूर्ण भूल देण्याचे ठरले. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटून गेले. खाणे सहा तास आधी बंद आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, हे त्यांनी कागदावर वेळा घालून लिहून दिले, त्यामुळे मुलीला विनाकारण रात्रभर तहानलेले ठेवावे लागले नाही. छेद कातडीच्या नैसर्गिक रेषेत, कानाला समांतर घेतला आणि जेथे कातडी गाठीला चिकटली होती तेवढा बारीक पानासारखा तुकडाही गाठीबरोबर काढला. तो ठेवला असता तर पेशी मागे राहून गाठ पुन्हा येण्याची शक्यता राहिली असती. पूर्ण काढलेली गाठ सहसा पुन्हा येत नाही. चाळीस मिनिटांत सगळे आटोपले. शुद्धीवर आल्यावर सर्जननी मुलीला डोळे घट्ट मिटायला, भुवया उचलायला आणि गाल फुगवायला सांगितले, आणि तिने ते तिन्ही व्यवस्थित केले तेव्हा माझ्या पतींच्या डोळ्यांत पाणी आले.

बाटलीतील गाठ त्यांनी आम्हाला दाखवली. पिवळट पांढरी, खडबडीत, एका बाजूने भुगा सुटलेली. वर्गातला खडू पायाखाली येऊन चिरडल्यावर उरतो तसा तो तुकडा दिसत होता. सतरा वर्षे मी खडू हातात घेऊन उभी आहे. त्या दिवसानंतर फळ्यापाशी खडू मोडला की मला ती बाटली आठवते. मुलीनेही ती पाहण्याचा हट्ट धरला. तिने बाटली हातात घेऊन बराच वेळ निरखली आणि विचारले, "म्हणजे हा केस व्हायचा राहून गेला?" डॉक्टर म्हणाल्या, "बरोबर. याला केस व्हायचं होतं, पण वाट चुकला." आठ वर्षांच्या मुलीला तिच्या आजाराविषयी इतके खरे आणि इतके सोपे उत्तर देणारे मोठे माणूस मिळाले, याचा मला आजही आनंद वाटतो.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवण्याबाबत त्या ठाम होत्या. दिसायला कितीही स्पष्ट असली तरी ती कचऱ्यात टाकायची नाही, हे त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच बजावले होते. गाठीत कॅल्शियम असल्याने ती कापण्याआधी मऊ करावी लागते, म्हणून अहवालाला वेळ लागेल हेही आधी सांगितले होते, त्यामुळे आठ दिवस वाट पाहताना जीव टांगणीला लागला नाही. अहवालात कडेच्या गडद पेशी, सावली पेशी, कॅल्शियमचा साठा आणि गाठ पूर्ण निघाल्याची नोंद होती. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीचा तो कागद फाइलमधून काढला आणि माझ्यासमोर त्या शब्दापुढचे प्रश्नचिन्ह खोडले.

आता खटकलेल्या गोष्टी. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रकाचा मजकूर पूर्णपणे इंग्रजीत होता. डॉक्टरांनी तो मराठीत वाचून दाखवला हे खरे, पण कोल्हापुरात, जेथे कागल, गडहिंग्लज, राधानगरीहून माणसे येतात, तेथे सहीचा कागद मराठीत असायलाच हवा. मी तसे त्यांना लेखी कळवले आहे. खर्चाचा लेखी अंदाज शस्त्रक्रियेआधी मिळाला, ही चांगली बाब, मात्र त्यात प्रयोगशाळेच्या तपासणीचे १,६०० रुपये धरलेले नव्हते आणि ते ऐन वेळी वेगळे भरावे लागले. पहिल्या भेटीचे ५००, नंतरच्या प्रत्येक भेटीचे ३००, सोनोग्राफीचे १,४०० आणि भूल, शस्त्रक्रियागृह व सर्जन मिळून २४,००० रुपये असा आमचा खर्च झाला. विम्याची रोकडरहित सोय तेथे नाही. पैसे आधी भरून नंतर मागावे लागतात. स्वागतकक्षातील फोन संध्याकाळी लागत नाही, आणि लागला तरी बोलणाऱ्या व्यक्तीचा स्वर तुटक असतो. आतल्या खोलीत इतकी माया आणि बाहेरच्या टेबलावर इतका रूक्षपणा, ही तफावत डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण घाबरलेले पालक आधी बाहेरच्या टेबलापाशीच येतात.

टाके पाचव्या दिवशी काढले. त्यानंतर व्रणावर सिलिकॉनचे मलम आणि बाहेर जाताना ऊन लागू नये म्हणून सनस्क्रीन, अशी सहा महिन्यांची शिस्त त्यांनी लावून दिली. सुरुवातीला व्रण लालसर आणि किंचित उंच होता, तेव्हा व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवले असता त्याच रात्री उत्तर आले की असा लालपणा काही महिने राहतो, घाबरू नका, मलम चालू ठेवा. एप्रिलमध्ये आम्ही सहा महिन्यांची भेट घेतली. दीड सेंटिमीटरची एक फिकट रेघ उरली आहे, ती केसांच्या बटेखाली झाकली जाते. डॉक्टरांनी व्रणावरून बोट फिरवले, पुन्हा डोके, मान आणि दंड चाचपले, आणि आता एका वर्षाने किंवा नवी गाठ लागली तरच यायला सांगितले. त्या भेटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ज्यांना जायचे असेल त्यांनी शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. सकाळी अर्ध्या तासात नंबर लागतो आणि डॉक्टर अधिक निवांत असतात. वृद्ध माणसांना जिन्याचा त्रास होईल, त्यांना घरीच ठेवलेले बरे. गाठ कोणालाही दाबू देऊ नका, सुया टोचू देऊ नका, लेप लावू नका. ती प्रथम कधी दिसली, तेव्हा किती होती आणि आता किती आहे, याची तारखेनिशी नोंद ठेवा आणि शेजारी एक रुपयाचे नाणे धरून छायाचित्रे काढा, कारण डॉक्टर हेच पहिल्यांदा विचारतात. सुईची तपासणी आधी झाली असेल तर अहवालाच्या कागदाबरोबर काचपट्ट्याही प्रयोगशाळेकडून मागून घ्या. त्या कागदी डबीत घालून मिळतात. डबी पिशवीत टाकू नका, हातात धरून न्या.